रविवारी सगळं उरकायचं आणि सोमवारी अंथरूण धरायचं: फायब्रोमायल्जियात कामाचं माप कसं ठरवावं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३९, घर घोडबंदर रोडला, नोकरी ऐरोलीत. दीड वर्षापूर्वी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टनी (सांधे-स्नायूंच्या आजारांच्या डॉक्टरांनी) फायब्रोमायल्जिया, म्हणजे सगळ्या अंगाचं दीर्घकाळ चालणारं दुखणं, सांगितला, रक्ताच्या तपासण्या ठीक आल्या, गोळ्या चालू आहेत. रविवारी जरा बरं वाटलं की आठवड्याची सगळी कामं उरकता आणि सोमवार-मंगळवार अंग इतकं ठणकतं की रजा टाकावी लागते. रुग्णांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणी म्हणतं पेसिंग करा (म्हणजे काम ठरावीक तुकड्यांत, मध्ये विश्रांती घेत करा), कोणी म्हणतं पूर्ण आराम करा, कोणी म्हणतं रोज १०,००० पावलं चाला. सासूबाई म्हणतात नोकरी सोड. आणि नेमकं किती करायचं, हे कोणीच सांगत नाही.

आकड्यांवर येतेच. पण आधी एक गोष्ट: तुम्ही सोमवारबद्दल विचारताय, अडचण मात्र रविवारची आहे. सोमवारी काय लावू, कोणती गोळी घेऊ, किती पडून राहू याची कितीही उत्तरं मिळाली तरी रविवार तसाच राहिला तर पुढचा सोमवारही तसाच जाणार. रविवारी घेतलेली उधारी सोमवार-मंगळवारी व्याजासकट फेडताय तुम्ही.

असं का होतं ते समजलं की पुढचं माप पटतं. फायब्रोमायल्जियात स्नायू किंवा सांधे झिजत नसतात. दुखण्याचे संदेश वाहणारी मज्जासंस्थेची व्यवस्थाच तीव्र झालेली असते आणि त्यांना आवर घालणारी कमी पडते. दुखण्याच्या या प्रकाराला २०१७ पासून नोसिप्लास्टिक हे वेगळं नाव आहे. तीव्र झालेली ही यंत्रणा अनेकदा उशिरा जागी होते. काम चालू असताना, विशेषतः पाहुणे यायचे असले किंवा सण असला की, दुखणं मागे पडतं आणि २४ ते ४८ तासांनी उसळतं. म्हणजे 'दुखायला लागलं की थांबेन' हा नियम तुमच्या बाबतीत चालतच नाही. दुखेपर्यंत मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. दुसरं असं की, दरवेळी दुखण्यावरच थांबलं की दुखणं म्हणजे थांबणं आणि थांबणं म्हणजे सुटका, अशी मेंदूला सवय लागते. हळूहळू कामाआधीच भीती वाटू लागते. विल्बर्ट फोर्डाइस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९७०च्या दशकात यावर जो तोडगा मांडला तो आजही तितकाच चालतो: दुखण्यावर थांबायचं नाही, ठरलेल्या वेळेवर किंवा ठरलेल्या संख्येवर थांबायचं. बरं वाटत असलं तरी.

हे 'बरं वाटत असलं तरी' सगळ्यात अवघड आहे. वाईट दिवशी कमी करणं प्रत्येकाला जमतं.

पुढे जाण्याआधी, हे सगळं कोणाला लागू नाही ते सांगते. थोडी हालचाल झाली तरी पुढचे कित्येक दिवस कोसळल्यासारखं होत असेल, डोकं चालेनासं होत असेल, घसा किंवा गाठी दुखत असतील आणि झोपूनही ताजंतवानं वाटत नसेल, तर तो एमई/सीएफएस, म्हणजे टोकाच्या थकव्याचा वेगळा आजार, असू शकतो. त्यात काम ठरावीक प्रमाणात वाढवत नेणं घातक ठरतं. उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं ऑक्टोबर २०२१ मध्ये त्या आजारासाठी टप्प्याटप्प्यानं व्यायाम वाढवण्याची शिफारस काढून टाकली. दोन्ही आजार एकाच व्यक्तीला असू शकतात, म्हणून तुमच्या डॉक्टरांना हे थेट विचारा. आणि एका पायात किंवा हातात नवीन अशक्तपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, बसण्याच्या जागी बधिरता, ताप, कारण नसताना वजन उतरणं, सांध्यांना सूज आणि सकाळी तासाभराहून जास्त आखडणं, यातलं काहीही असेल तर 'फायब्रोच असेल' म्हणून सोडून देऊ नका. फायब्रोमायल्जिया असलेल्या माणसाला दुसरा आजार होऊच शकत नाही असं थोडंच आहे.

आता माप. पहिला आठवडा काहीही बदलू नका, फक्त लिहा. वहीत तीन रकाने पुरतात: काम, किती मिनिटं सलग, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ० ते १० मध्ये किती त्रास वाटला (० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे असह्य). दर तासाला दुखण्याला गुण देत बसू नका. ग्रुपवर तशा तक्त्यांची फॅशन आहे, पण सारखं दुखणं मोजलं की लक्ष तिथेच जखडतं आणि दुखणं वाढतं. सकाळचा एक आकडा पुरे. 'काम' या रकान्यात फक्त केर-लादी नको. बसमधले खड्डे, पूल चढणं, खुर्चीत सलग दोन तास, आईला डॉक्टरकडे नेणं, ऑफिसात झालेली खडाजंगी, हे सगळं लिहा. बहुतेकींच्या वहीत घरकाम असतं आणि प्रवास नसतो, म्हणून हिशेब जुळत नाही.

आठवड्यानंतर एकेका कामाचं माप काढा. समजा ओट्यापाशी उभं राहणं. एका बऱ्या दिवशी ३५ मिनिटं जमली, मधल्या दिवशी ३०, वाईट दिवशी २५. सरासरी ३०, तिचे ८० टक्के म्हणजे २४. हे तुमचं सुरुवातीचं माप. ही रीत बहुतेक ठिकाणी सांगतात आणि आकडे असे जवळजवळ असतील तर ती ठीक आहे. पण तुमच्या वर्णनावरून तुमचे आकडे ४५, ३० आणि १२ असे काहीतरी असणार. सरासरी २९, ८० टक्के २३, म्हणजे वाईट दिवशी जमतं त्याच्या जवळजवळ दुप्पट. अशा वेळी मी सरासरी सोडून देते. बऱ्या आणि वाईट दिवसांत दुपटीहून जास्त फरक असेल तर माप वाईट दिवसावरून घ्यायचं, म्हणजे १२ ते १५ मिनिटं. ते हास्यास्पद कमी वाटेल. तसंच वाटलं पाहिजे. जे माप वाईट दिवशीही पाळता येतं तेच माप.

फोनवर १५ मिनिटांचा टायमर लावा. वाजला की पोळी तव्यावर असली तर तेवढी भाजून गॅस बंद करा आणि पाच मिनिटं ठेवण बदला. उभ्या असाल तर बसा, बसला असाल तर चार पावलं चाला, खांदे फिरवा. त्या पाच मिनिटांत मान खाली घालून फोन बघणं ही विश्रांती धरू नका, मानेला ते कामच आहे. शिवाय दिवसातून दोनदा, दुखत असो वा नसो, ठरलेल्या वेळी १० ते १५ मिनिटं आडवं व्हा. ऑफिसच्या दिवशी एकदाच जमलं तरी चालेल. दुखल्यावर आडवं होणं आणि घड्याळ बघून आडवं होणं यात मज्जासंस्थेच्या दृष्टीनं बराच फरक आहे.

हे माप दोन आठवडे तसंच ठेवा, नंतर आठवड्याला साधारण १० टक्के वाढवा. १५चे १७, मग १९. सगळे आठवडे सरळ गेले तर वाढवायला लागल्यापासून दहा आठवड्यांत ३५च्या पुढे जाल. सगळे सरळ जात नाहीत, तेव्हा तीन-चार महिने धरून चाला. सकाळचा आकडा लागोपाठ दोन आठवडे चढाच राहिला तर एक पायरी खाली या, शून्यावर नाही. एखाद्या शनिवारी फारच छान वाटलं तर १७ ऐवजी ४० करायची नाहीत. त्या छान दिवशी जो वेळ उरेल त्यात कपाट आवरायचं नाही. तळ्याकाठी जाऊन बसा, भावाला फोन करा, काहीही करा.

स्वयंपाकघरात थोडी मांडणी बदलली तर त्याच १५ मिनिटांत जास्त काम निघतं. कणीक भिजवून झाकून ठेवली की तिला तसंही वीसेक मिनिटं मुरायला हवं असतं, तेवढी तुमची विश्रांती धरा. कणीक मळणं आणि पोळ्या लाटणं एकापाठोपाठ एक कधीच नको, कारण दोन्हींत मनगट आणि खांदा तोच वापरला जातो. मध्ये भाजी फोडणीला टाका. जास्त पोळ्या असतील तर दोन खेपांत लाटा. ओट्याखाली चार-सहा इंच उंचीचा पाट ठेवून आळीपाळीनं एक पाय त्यावर ठेवला की कमरेवरचा ताण कमी होतो. भाजी निवडणं-चिरणं टेबलावर बसून, कोपर टेकवून. भरलेला पाच लिटरचा कुकर उचलू नका. रिकामा कुकर गॅसवर ठेवून त्यात तांब्यानं पाणी ओता, डबे मग ठेवा. कपडे वाळत घालायचा दांडा दोरीनं खाली येत असेल तर तो खांद्याच्या खाली आणूनच कपडे टाका. हात वर करून चादरी टाकणं हे वहीत न दिसणारं पण सोमवारी हमखास दिसणारं काम.

आणि रविवार फोडा. त्या दिवशी तुम्ही दोन मशीन कपडे, आठवड्याची भाजी, इडलीचं वाटण, पंखे-जाळ्या, सगळं करता असं लिहिलंय. एक मशीन बुधवारी, एक शनिवारी. भाजी निवडणं रोज संध्याकाळी मालिका बघताना १५ मिनिटं. वाटण शुक्रवारी रात्री, मिक्सरला फार वेळ लागत नाही. पंखे दुसऱ्या कोणीतरी, आणि सहा महिन्यांतून एकदा पुसले तरी आकाश कोसळत नाही. घरच्यांना 'मला बरं नाही, मदत करा' असं सांगून सहसा काही हलत नाही. 'शनिवारचं मशीन तुझं' असं नेमकं सांगितलं तर हलतं. वही त्यांनाही दाखवा. रविवारी एवढं काम केलं आणि मंगळवारी रजा पडली, हे कागदावर दिसलं की 'सारखी दमते कशी' हा प्रश्न जरा कमी होतो.

प्रवासाबद्दल. ट्रान्स-हार्बरच्या (ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या) लोकल गाडीवर तुम्ही खूप राग काढलाय, पण ठाणे ते ऐरोली गाडीत दहा-बारा मिनिटंच जातात आणि ठाण्याला ती गाडी तिथूनच सुटते. एक गाडी सोडून पुढच्या गाडीत चढलात तर बसायला मिळायची शक्यता बरीच वाढते. त्यासाठी घरून दहा मिनिटं आधी निघा, कारण धावत पूल चढणं हे त्या दहा मिनिटांपेक्षा महाग पडतं. सरकता जिना किंवा लिफ्ट सोयीच्या टोकाला असेल तर थोडं लांबून जा. खरा त्रास घोडबंदर रोडवरच्या बसचा असतो: उभं राहून धक्के, एक हात वर दांड्याला, दुसऱ्या खांद्यावर बॅग. दोन पट्ट्यांची सॅक घ्या, बसल्यावर ती मांडीवर ठेवा, स्टीलचा तीन ताळी डबा घरी ठेवून हलका डबा न्या. बसमध्ये मागच्या चाकांवरची आणि शेवटची सीट टाळा, धक्के तिथे सगळ्यात जास्त बसतात. संध्याकाळी ऐरोलीहून गाडी भरूनच येते, तिथे बसायला मिळेल असं धरू नका. म्हणून घरी पोचल्यावर लगेच ओट्याशी न जाता आधी ते ठरलेलं आडवं होणं घ्या. दिव्यांगांच्या डब्यातून जाता येईल का, असं ग्रुपवर नेहमी विचारलं जातं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत फायब्रोमायल्जिया नाही, त्यामुळे फक्त त्याच्या जोरावर प्रमाणपत्र मिळेल अशी आशा धरू नका.

ऑफिसात घरून कामाचा एक दिवस मिळत असेल तर लोक शुक्रवार मागतात. तुम्ही बुधवार मागा. सलग पाच दिवस प्रवासाऐवजी दोन-दोनचे तुकडे पडतात. खुर्चीत ३० मिनिटांवर एकदा उठायचं, मिटिंग चालू असली तरी भिंतीला टेकून उभं राहता येतं.

चालणं हा वेगळा विषय आहे, घरकामात तो धरू नका. '१०,००० पावलं' हा आकडा १९६५च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला, कोणत्या दुखण्याच्या अभ्यासातून नाही. तुमच्यासाठी तो सोडा. पण 'पूर्ण आराम' तर त्याहून वाईट. युरोपातल्या ऱ्हुमॅटॉलॉजी संघटनेनं २०१६मध्ये सुधारलेल्या शिफारशींत फायब्रोमायल्जियासाठी ठाम शिफारस एकाच गोष्टीची केली, व्यायामाची. औषधांनाही तेवढा जोर मिळाला नाही. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, सपाट जागेवर, इथून सुरू करा. दर आठवड्याला एक मिनिट वाढवा. वेग असा की बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. पहिल्या महिन्यात गाता आलं तरी हरकत नाही. घोडबंदरच्या फुटपाथवर नको, तिथे अर्धं लक्ष फरशा चुकवण्यात जातं. सोसायटीचा पोडियम उत्तम, पावसाळ्यात पार्किंग किंवा मजल्यावरची गॅलरी. सुट्टीला ठाण्यात असाल तर कचराळी तलावाचा ट्रॅक चांगला सपाट आहे. चालणं १५ मिनिटांवर स्थिरावलं की आठवड्यातून दोनदा ताकदीचे दोन व्यायाम: खुर्चीवरून हात न टेकवता पाच वेळा उठणं-बसणं आणि भिंतीला हात टेकवून पाच वेळा रेटणं. व्यायामात दुखणं नेहमीपेक्षा एक-दोन गुण वाढलं आणि दुसऱ्या सकाळी जागेवर आलं तर ते चालतं. वापरलेलाच स्नायू दोन-तीन दिवस दुखणं हेही नवीन व्यायामाचं साधं दुखणं असतं. सगळं अंग पेटलं, झोप उडाली, तर माप जास्त झालं.

एवढं करूनही उसळी येणार. पाळी, पावसाळी हवा, ताप, घरातलं भांडण, कधी काहीच कारण नसतं. म्हणून उसळीचा कागद बऱ्या दिवशी लिहून फ्रिजवर लावा. त्यात एवढंच: पहिले दोन दिवस सगळी मापं निम्मी, शून्य नाही. चालणं तीन-तीन मिनिटं, पण दिवसातून तीन-चार वेळा. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून १५-२० मिनिटं, बाम चोळलेल्या जागेवर नको, तिथे कातडी भाजते. रात्री झोपायची आणि सकाळी उठायची वेळ तीच, दुपारची झोप ३० मिनिटांच्या वर नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तीन चतुर्थांश, पाचव्या-सहाव्या दिवशी पूर्ण माप. गणपतीसारखे दिवस आधीच ठाऊक असतात. आधीचे दोन आणि नंतरचे दोन दिवस जाणूनबुजून रिकामे ठेवा, सारण आदल्या दिवशी करून ठेवा, मोदक वळायला दोघी-तिघी बसा.

औषधांचं थोडक्यात. प्रीगाबालिन, ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन यातलं जे चालू असेल ते बरं वाटलं म्हणून एकदम बंद करायचं नाही, डॉक्टरांकडून डोस उतरवत नेऊन बंद करायचं. सकाळी गुंगी राहत असेल तर रात्रीची गोळी थोडी लवकर घेता येईल का ते त्यांनाच विचारा. गुंगीत गर्दीच्या गाडीच्या दारात उभं राहणं धोक्याचं आहे. ग्रुपवर कोणी 'मी ७५ घेते, मस्त वाटतं' लिहिलं तर वाचून सोडून द्या. आणि रविवारी काम करता यावं म्हणून सकाळीच डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन अशी वेदनाशामक गोळी घेत असाल तर ते आधी थांबवा. या आजारात त्यांचा उपयोग फारसा नाही, पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास मात्र होतो. शिवाय गोळीच्या भरवशावर माप हमखास ओलांडलं जातं.

ग्रुप सोडू नका. ओटा कसा लावला, बॉसला काय सांगितलं, कोणत्या वेळच्या गाडीला गर्दी कमी, हे तिथूनच कळतं. रात्री बारानंतर तो म्यूट ठेवा. दुखण्याच्या गुणांऐवजी 'आज १५ मिनिटांवर थांबले' असं रोज एकमेकींना कळवणारी एखादी मैत्रीण तिथे मिळाली तर पहिले दोन महिने बरेच सोपे जातात. मन फारच खचलं, जगणं नकोसं वाटलं, तर ग्रुपची वाट न पाहता १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन करा. तो सरकारी आहे, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

राहिला नोकरीचा प्रश्न. पगाराची गरज किती, कंपनी किती समजून घेते, घरात कोण काय उचलतं, यावर तो अवलंबून आहे आणि ते मला इथून दिसत नाही. पण आत्ता सोडू नका, एवढं म्हणेन. नोकरी गेली की प्रवास जातो, पण रविवारची सवय जात नाही. ती आठवड्याच्या सातही दिवसांवर पसरते, कारण घरी असलेल्या बाईला काम संपलं असं कोणी सांगत नाही. आधी बारा आठवडे माप पाळा. पहिल्या आठवड्याचं आणि बाराव्या आठवड्याचं पान शेजारी ठेवा: रजा किती पडल्या, सलग किती मिनिटं जमली, सकाळचा आकडा किती. बुधवारचा दिवस मिळूनही, रविवार फोडूनही रजा तितक्याच पडत असतील, तर मग कामाचे तास कमी करून मागा किंवा घराजवळची नोकरी बघा. ती वही डॉक्टरांकडे आणि फिजिओथेरपिस्टकडेही न्या. 'खूप दुखतं' यापेक्षा त्यांना त्यातून कितीतरी जास्त कळतं.